हुदाचा खांदा

सोमवार, २२ जुलै २०२४. कर्जत.
पहाटेपासून पाऊस, दुपारी तासभर उघडीप. नदीचं पाणी चढलं आहे. पुलावर माणसं छत्र्या घेऊन बघायला उभी होती. दूध पावणेआठला आलं, पातळ. बँकेत जाणं आजही राहिलं. जागृती पहाटेच्या एसटीने कार्यालयात गेली, संध्याकाळी सात वीसला परत आली. कालचा पेढ्यांचा पुडा अजून पडवीतल्या स्टुलावर आहे, मुंग्या लागल्या आहेत. तिने हात लावला नाही, मीही नाही. "काकू, मला अजून शिसारी येतेय," म्हणाली. कुणाची, तेही सांगितलं.

वही ललिताबाईंची. त्या निवृत्त शिक्षिका. जागृती ओव्हाळ त्यांच्या घरामागच्या खोलीत चार वर्षं भाड्याने राहते. सकाळ-संध्याकाळ ती गावाबाहेरच्या एका खाजगी हॉलमध्ये बॅडमिंटन शिकवते. शिकायला येणारी मुलं बहुतेक फार्महाऊसवाल्यांची, शनिवारी उतरणारी आणि रविवारी परतणारी. घाम आला की ती खेळ थांबवतात आणि एसी का नाही म्हणून विचारतात. जागृती आता सत्तावीस वर्षांची आहे. तिच्या स्वतःच्या खेळाचं जे काही व्हायचं होतं, ते एकोणिसाव्या वर्षी एका संध्याकाळी होऊन गेलं.

ती वाढली मोहोपाड्याला. वडील दशरथ तिथल्या एका कारखान्याच्या स्टाफ क्लबात शिपाई होते. क्लबाला लाकडी फरशीचं कोर्ट होतं. त्यावर फडकं मारायचं, जाळी ताणून बांधायची, संध्याकाळी दिवे लावायचे आणि साहेबलोक खेळून गेले की पिसं तुटलेली फुलं गोळा करायची, ही दशरथची कामं. शटल हा शब्द त्या क्लबात फक्त बिलावर असायचा. बोलताना सगळे फूलच म्हणायचे. आई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायची, म्हणून शाळा सुटली की जागृती क्लबात येऊन भिंतीला टेकून बसायची.

शिपायाच्या मुलीला कोर्ट कोण देणार? पण दुहेरीला चार माणसं लागतात, आणि एखाद्या साहेबाची कारखान्यातली पाळी लांबली की तीनच उरायची. मग कुणीतरी हाक मारायचं, "दशरथ, तुझी पोरगी उभी कर रे. नुसतं फूल परत टाकलं तरी पुरे." जागृती अनवाणी उभी राहायची. एकेरी तिला कधी खेळायला मिळालंच नाही. एकेरी खेळायचं तर अख्खं कोर्ट आपल्या नावावर मागावं लागतं. दुहेरीत उरलेला कोपरा मिळाला तरी भागतं. त्या कोपऱ्यात, जाळीपाशी, मोठ्या माणसांच्या पोटांमधून वाट काढत तिचं मनगट तयार झालं. समोरच्याने जोरात मारलेलं फूल ती असं काही अलगद पलीकडे सोडायची की साहेब धावत यायचे आणि जाळीला पोट लावून थांबायचे. दशरथ दाराशी उभा राहून हसू दाबायचा. घरी जाताना म्हणायचा, "सायबांना एवडं पळवू नको गं. माजी नोकरी हाय तिथं."

चौदाव्या वर्षी खोपोलीच्या शालेय स्पर्धेत तिला हुदा भेटली. हुदा शिळफाट्याची. तिच्या वडिलांचं, सुलेमानभाईंचं, हायवेला लागून ट्रकच्या टायरांचं दुकान. पोरगी उंच, हाडापेराने रुंद, आणि उजवा हात असा की मागच्या रेषेवरून मारलेलं फूल समोरच्या लाकडावर आपटल्याचा आवाज गॅलरीतही ऐकू जावा. दोघी आधी एकमेकींविरुद्ध खेळल्या. हुदा जिंकली आणि येऊन म्हणाली, "ए, तू जाळीपाशी काय करतेस ते मला नाय जमत. मी मागं काय करते ते तुला नाय जमत. मग भांडायचं कशाला?"

पुढची पाच वर्षं त्या भांडल्या नाहीत. दुहेरीत खरं भांडण मधल्या फुलाचं असतं. दोघींच्या बरोबर मधून जाणारं फूल कुणी घ्यायचं? त्यासाठी बहुतेक जोड्या ओरडतात: माझं, माझं! हुदा आणि जागृती कधी ओरडल्या नाहीत. हुदाचा बूट फरशीवर कसा घासला यावरून जागृतीला कळायचं, आणि जागृतीची वेणी कुठल्या बाजूला उडाली यावरून हुदाला. सराव मोहोपाड्याच्या क्लबात, दुपारी दोन ते चार, साहेबलोक झोपलेले असताना. हुदाची आई डब्यात दोघींपुरतं सांदण द्यायची. त्या जोडीने जिल्ह्यात तीन वर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, आणि राज्याच्या यादीत ती चौथ्या क्रमांकावर आली.

याच सुमारास रामभाऊ आले. रामभाऊ कडावचे. भाताची शेतं विकत घ्यायची, त्यांचे प्लॉट पाडायचे आणि मुंबईकरांना विकायचे, हा त्यांचा धंदा. त्यांनी जिल्ह्याच्या संघाला टीशर्ट दिले, बस दिली, आणि त्या बदल्यात संघाचे व्यवस्थापक होऊन बसले. त्यांची मुलगी मेघा तीन वर्षं बॅडमिंटन शिकत होती. मुलगी वाईट नव्हती, पण खेळ येत नव्हता आणि यावा असं तिला वाटतही नव्हतं. वडिलांना मात्र राज्य पातळीचं एक पदक हवं होतं. त्या पदकावर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी मिळते, आणि रामभाऊंना घरात तलाठी हवा होता. जमिनीची नोंद ज्याच्या हातात, तो हात आपल्याच घरचा असला तर काय बिघडलं, असं ते चारचौघांत हसत हसत बोलायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

एकेरीत मेघाला कुणी पदक मिळवून देऊ शकणार नव्हतं. दुहेरीत मात्र कागदावर दोन नावं असतात आणि पदकंही दोन मिळतात.

सन २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य स्पर्धा होती. आठवडाभर आधी संघाची तपासणी झाली. रामभाऊंच्या ओळखीचा एक डॉक्टर आला होता. त्याने हुदाचा खांदा दाबून पाहिला, दोनदा मान हलवली आणि लिहून दिलं की सांध्याला इजा आहे, खेळल्यास हात कायमचा निकामी होण्याचा धोका. आदल्याच दुपारी हुदाने सरावात तीन फुलं फोडली होती. ती डॉक्टरला म्हणाली, "मला तर काय दुखत नाय." डॉक्टर म्हणाला, "हेच तर वाईट लक्षण." सुलेमानभाई घाबरले. एकुलती एक मुलगी. त्यांनी तिला घरी ठेवलं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या जिल्ह्यांच्या व्यवस्थापकांची बैठक असते. जोडीतली एक खेळाडू जायबंदी झाली तर त्या बैठकीत तिचं नाव खोडून दुसरं लिहिता येतं. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि उरलेल्या जोडीदाराची सही: होय, माझी जोडीदार जायबंदी आहे. बैठकीला अर्धा तास असताना रामभाऊ लॉजच्या खोलीत आले. कागद पुढे केला. पलंगावर नव्या बुटांचा खोका ठेवला.

"सही कर बाळा."

"भाऊ, हुदाला काही झालेलं नाही."

"डॉक्टर तू का तो?"

"मी रोज खेळते तिच्याबरोबर."

"मग आता एकटी खेळशील? दुहेरी एकटीनं खेळतात का गं कुठं?" ते हसले. "सही नाय केलीस तर दोघींचं नाव जाईल. केलीस तर तुझं तरी राहील. पुढच्या वर्षी हुदा हायच की. मी कुठं तिला पळवून नेतोय?"

जागृती एकोणीस वर्षांची होती. वडिलांनी क्लबातून चार दिवस सुट्टी मागून, साहेबांची बोलणी ऐकून तिला पाठवलं होतं. पुढच्या वर्षी हुदा आहेच, हे वाक्य तिने मनात तीन वेळा म्हटलं आणि रामभाऊंच्या पेनने सही केली. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बूट तिच्या मापाचे होते. ते कुणी विचारून ठेवलं होतं, हा विचार तिच्या मनात नंतर आला, आणि पहिली शिसारी तेव्हा आली.

पुढे जे झालं त्याला खेळ म्हणायला तिची जीभ अजून वळत नाही. जागृती-हुदाच्या गुणांवर मिळालेली जागा जागृती-मेघाला मिळाली. पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल. पुढच्या दोन सामन्यांत जागृतीने मेघाला जाळीपाशी खाली वाकून बसायला सांगितलं. "रॅकेट डोक्यावर धर. कशालाही हात लावू नको. काहीही आलं तरी." सर्व्हिस मात्र ज्याची त्यालाच करावी लागते, आणि आलेली सर्व्हिसही ज्याची त्यालाच घ्यावी लागते. तेवढे गुण गेले. बाकी सगळं कोर्ट जागृतीने धावून भरलं, आणि प्रत्येक फुलाला ओरडली: माझं! माझं! माझं! पाच वर्षांत जो शब्द तोंडातून निघाला नव्हता, तो त्या दोन दिवसांत तिने इतक्या वेळा काढला की घसा बसला. उपांत्य सामन्यात त्या एकवीस-सहा, एकवीस-चार अशा हरल्या. पण बॅडमिंटनमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्य मिळतं. रामभाऊंना तेवढंच पुरत होतं.

कपडे बदलताना मेघा म्हणाली, "तू किती ओरडतेस गं. बघणाऱ्यांना बरं नाय वाटत."

पुढच्या वर्षी हुदा नव्हती. सुलेमानभाईंनी रॅकेट माळ्यावर टाकली होती. जागृती एकदा शिळफाट्याला गेली, दुकानाच्या समोरच्या बाजूला थांबली आणि रस्ता न ओलांडता परत आली. मग तिला फोन यायला लागले. कुणाच्या मुलीला जिल्ह्याचं प्रमाणपत्र हवं, कुणाच्या मुलीला दहावीला वाढीव गुण हवेत. "जागृतीला घ्या, ती दोघींचं खेळते," असं मुलींच्या आया एकमेकींना सांगायच्या, घरकामाला बाई सुचवावी तसं. तीन वर्षांत ती अकरा जणींची जोडीदार झाली. प्रवासखर्च, जेवण, एक रॅकेट. पदकाच्या फोटोत तिला कडेला उभं करायचे. एका आईने फोटो काढताना तिला सरळ सांगितलं, "तू जरा घामेजलेली दिसतेस, मागे हो ना." आणि ती मागे झाली. पुढे गुडघा गेला, खेळ थांबला आणि ती कर्जतला शिकवायला आली. मेघा २०१९ मध्ये तलाठी झाली. कडावच्या चौकात त्या दिवशी मोठा फलक लागला होता: मेघा रॅकेट घेऊन उभी, मागे डोंगर.

जागृतीने मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, परीक्षा दिली, आणि यंदा लिपिकाच्या जागेवर खेळाडूंच्या कोट्यातून तिची निवड झाली. दशरथने मोहोपाड्याच्या गल्लीत घरोघर जिलबी वाटली. फक्त प्रमाणपत्राची पडताळणी बाकी होती. गेल्या शुक्रवारी ती त्यासाठी जिल्ह्याच्या कार्यालयात गेली. समोरच्या बाईंनी २०१६ चा प्रवेशाचा कागद बाहेर काढला होता. हुदाच्या नावावर एक आडवी रेघ, वर मेघाचं नाव, खाली जागृतीची सही.

"हे नाव का बदललं?" बाईंनी विचारलं.

"दुखापत."

"तुम्ही पाहिली होती?"

बाईंनी चष्मा काढला. "याच पदकावर एक तलाठी आधीच नोकरीत आहे, तिच्याविरुद्ध तक्रार आहे. त्यामुळे मला हे विचारावं लागतंय. सोमवारी लेखी द्या. दुखापत खरी होती असं लिहिलंत तर तुमचा कागद त्याच दिवशी पुढे जाईल. खोटी होती असं लिहिलंत तर पदक रद्द होईल. दोघींचं. जोडीचं पदक अर्धं रद्द करता येत नाही."

म्हणजे चार ओळींवर सगळं येऊन ठेपलं. एका बाजूला नोकरी, दशरथची जिलबी, अकरा जणींच्या मागे मागे सरकत काढलेली वर्षं. दुसऱ्या बाजूला एक रेघ.

रविवारी गुरुपौर्णिमा होती. सकाळी दहाला रामभाऊंची पांढरी गाडी ललिताबाईंच्या दाराशी थांबली. पेढे, शाल, मोबाइल. पडवीत येऊन ते न विचारता खुर्चीत बसले.

"बाळा, आज गुरूचा दिवस. म्हटलं, पोरीनं यायचं तर मीच जातो. आपल्यात काय मानपान?" त्यांनी गाडीची किल्ली कानात घातली, फिरवली, बाहेर काढून निरखली आणि धोतराच्या कडेला पुसली. त्याच बोटांनी पुडा सोडून पेढा पुढे केला. "घे. तुझ्या नोकरीचा."

"अजून मिळाली नाही."

"मिळणार ना! उद्या चार ओळी लिहायच्या नि सुटायचं. मी आणल्यात लिहून." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "फक्त उतरून काढ. तुझ्या अक्षरात."

जागृतीने कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की हुदाचा खांदा स्पर्धेच्या आधी कित्येक महिने दुखत होता आणि तिनेच रडून मेघाला आपली जागा देऊ केली.

"रडून?"

"अगं, जरा जिवंत वाटतं."

"भाऊ, हुदा कशाला रडेल? तुम्ही तिला कधी बघितलंय तरी का?"

"बघितलं की. टायरवाल्याची ना? चांगली धट्टीकट्टी." ते हसले, मग आवाज उतरवला. "हे बघ, मेघाचं काय व्हायचं ते होईल. माझी चार माणसं हायत वर. पण तुझं? बापानं फरशा पुसल्या. तू आता सरकारी खुर्चीत बसशील. ते घालवू नको. उठ, पाया पड, एक फोटो काढू. गुरू-शिष्य."

त्यांनी पाय पुढे केले. चपला काढलेले पाय, अंगठ्याच्या नखात भाताच्या चिखलाची काळी रेघ, दुसऱ्याच्या शेतातली. मोबाइल त्यांनी आधीच खुर्चीच्या हातावर टेकवून ठेवला होता. जागृती उठून मोरीत गेली आणि खरंच ओकली. बाहेर आली तेव्हा रामभाऊ ललिताबाईंना विचारत होते, "जागा तुमच्या नावावर हाय का मालकांच्या? मागं बरीच मोकळी दिसते."

"पेढे घेऊन जा," जागृती म्हणाली.

"राहू दे, राहू दे. तोंड कडू झालंय तुझं." शाल मात्र त्यांनी आठवणीने परत नेली.

भर पावसात ती स्कूटी काढून शिळफाट्याला गेली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने रस्ता ओलांडला. गल्ल्यावर हुदा होती. अंगाने भरली होती, डोक्याला ओढणी, हातात बिलबुक. मागे टायरांच्या चळती. तिने जागृतीला पाहिलं आणि खालचं बिल पुरं लिहिलं.

"टायर पायजे?"

"हुदा, मी..."

"बस. भिजलीयेस. तिकडं नको, तेल हाय."

जागृतीने सगळं सांगितलं. कागद, बाई, रामभाऊ. हुदा ऐकत होती, आणि मध्येच उठून एका ड्रायव्हरला सुट्टे देऊन आली.

"सही तुझी होती ते मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "रामभाऊनं तिसऱ्याच दिवशी अब्बांना कागद दाखवला. बघा, तिची पार्टनरसुद्धा म्हणते खांदा गेलाय. त्याआधी अब्बांना थोडा संशय होता. तुझी सही बघितली नि गेला. जागृती खोटं कशाला लिहील, असं म्हणाले."

जागृतीने मान खाली घातली.

"नि मग ऐक. पनवेलला मोठ्या डॉक्टरकडं गेलो. फोटो काढला. काय नाय. त्यो डॉक्टर हसला. पण तवर सगळीकडं झालेलं: सुलेमानच्या पोरीचा हात अधू हाय. महाडचं स्थळ आलेलं. मुलाच्या आईनं मला पाण्यानं भरलेली कळशी उचलायला लावली, सगळ्यांसमोर. उजव्या हातानं. मी उचलली. तरी म्हणाली, आज उचलली, पोर झाल्यावर उचलेल का? गेले परत." हुदाने बिलबुक मिटलं. "तवा मला तुझी लई घाण वाटली. रामभाऊची नाय. त्याची काय वाटायची? त्यो तसाच हाय."

"मी उद्या खरं लिहिते."

"लिही. पण माझ्यासाठी लिहिते असं म्हणू नको. मला आता काय मिळणार? रॅकेटच्या तारा गंजल्या. तू लिहिशील, तुला हलकं वाटेल, नि परत इथं चहा प्यायला येशील. तसं नको."

"मग काय करू?"

"माझं नाव नीट लिही, पूर्ण. नि एवढंच लिही, खांदा बरा होता. दुसरं काय नको. माफी-बिफी नको त्यात."

चहा तिने विचारला नाही. जागृती निघाली तेव्हा हुदा दुकानाच्या पायरीवरून म्हणाली, "मागचा टायर गुळगुळीत झालाय तुझा. घाटात घसरशील. तिकडं कर्जतलाच बदल." म्हणजे इथे येऊ नको.

संध्याकाळी जागृतीने ललिताबाईंकडून रेघा असलेला फुलस्केप मागून घेतला. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. त्यात लॉज होता, बूट होते, गरिबी होती, एकोणीस वर्षांचं वय होतं. ललिताबाईंनी तो वाचला आणि लाल पेन न उचलता परत दिला. म्हणाल्या, "यात हुदा तिसऱ्या परिच्छेदात येते." जागृतीने तो फाडला. दुसरा चार ओळींचा झाला. हुदा सुलेमान पटेल हिच्या खांद्याला दुखापत नव्हती. हे मला त्या वेळी माहीत होतं. तरी मी सही केली. पुढे तारीख.

सोमवारी कार्यालयातल्या बाईंनी कागद दोनदा वाचला.

"का केलीत, ते लिहिलं नाहीत."

"नाही."

"लिहिलंत तर कदाचित तुमच्याबद्दल सहानुभूतीने..."

"नको, मॅडम."

बाईंनी शिक्का मारला. तिच्या निवडीच्या पत्राची प्रत फाइलमधून वेगळी काढली आणि दुसऱ्या फाइलला लावली. पोच दिली. सगळं पुन्हा दोन मिनिटांतच झालं. जागृतीला वाटलं होतं की निदान छातीवरचं काही उतरेल. काहीच उतरलं नाही. परतीच्या वाटेवर पेणच्या स्टँडवर पुढच्या एसटीची वाट बघत बसली तेव्हा आपल्याच उजव्या हाताकडे बघून तिला पुन्हा तीच शिसारी आली. हा हात रामभाऊंचा नव्हता. पेन त्यांचं होतं, हात तिचाच.

तिथूनच तिने वडिलांना फोन लावला. दशरथने सगळं ऐकलं. मागे क्लबातल्या खेळाचे आवाज येत होते.

"खुळी हाय का गं तू?" तो म्हणाला. "दारात आलेली नोकरी लाथाडलीस? मी लोकांना जिलबी वाटली. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"बाबा, हुदाचा खांदा बरा होता."

"मला म्हाईत हाय बरा व्हता! दुपारी दोन तास फुलं गोळा करत व्हतो मी तुमची. फुटलेली तिची असायची, तुजी नाय." जागृतीला कळलं, त्यालाही आत्ताच कळलं होतं: त्याला तेव्हापासून माहीत होतं, आणि आठ वर्षांत त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं. फोन त्याने ठेवला नाही, तिनेही नाही. कुणीतरी साहेब ओरडला, "दशरथ, जाळी सैल आहे रे!" आणि तो "आलो, सायेब" म्हणत गेला. फोन चालूच राहिला. बराच वेळ तिकडून फुलाचे आवाज येत होते. चौघे खेळत असावेत.

परत आल्यावर तिने ललिताबाईंना हे सगळं सांगितलं, पायरीवर बसून, ओल्या कपड्यांनी. कुणाची शिसारी, तर स्वतःची. थोडी बाबांची. रामभाऊंची आता फारशी नाही. हुदाला फोन करू का, असं तिने विचारलं नाही. उद्या पहाटे पाचला हॉल उघडायचा होता.

त्या रात्री ललिताबाईंनी वहीत शेवटची ओळ लिहिली: गॅस संपला, जागृतीने दुसरा सिलिंडर लावून दिला. आधीचा ब्याऐंशी दिवस गेला.